तीनदा वजन कमी केलं, तीनदा परत वाढलं. टिकेल असा उपाय कोणता?

मशीन बंद करून लिहायला बसलेय, तेही दिवाळीच्या शिलाईची गर्दी असताना, यावरून समजा तुमचा प्रश्न मला कुठे लागलाय. "तीन वेळा १०-१२ किलो कमी केलं, दर वेळी वर्षभरात सगळं परत आलं, आता टिकेल असा डाएट प्लॅन सांगा" असं तुम्ही लिहिलंय. डाएट प्लॅन माझ्याकडे नाही. मी डॉक्टर नाही, डाएटिशियन नाही, सांगलीत २७ वर्षं ब्लाऊज शिवते. पण कुणाचं वजन टिकलं आणि कुणाचं फिरून आलं हे माझ्याइतकं कुणाला कळत नसेल, कारण वजन उतरलं तरच माणूस काट्यावर चढतो, वाढलं की काटा पलंगाखाली जातो. ब्लाऊज मात्र दोन्ही वेळा माझ्याकडेच येतो, आधी टीप मारून घट्ट करायला आणि मग उसवायला.

म्हणून मी प्रत्येक ब्लाऊजला बाजूला इंच-सव्वा इंच माया सोडतेच सोडते. (बायकांना सांगायला नको, पुरुष वाचत असतील तर त्यांच्यासाठी: माया म्हणजे शिवणीच्या आत दाबलेलं जादा कापड.)

आता माझं सांगते. २०१६ ला आमच्या ह्यांना शुगर निघाली. हे अंगाने काटकुळे, ६१ किलो, तरी शुगर, आणि घरी येणारा प्रत्येक जण मला बघून म्हणायचा की खरं तर हिला व्हायला पाहिजे होती. डॉक्टरांनी ह्यांना शर्ट वर करायला सांगितला आणि टेप शोधायला लागले, मी पर्समधून काढून दिली, माझ्याकडे असतेच. बेंबीपाशी ३७ इंच भरलं. हातापायाच्या काड्या आणि पोट तेवढं मडक्यासारखं. डॉक्टर म्हणाले आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटर म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या आत पाहिजे, बायकांना ८० म्हणजे साडेएकतीस. मुलगी मिरजेला नर्सिंगला आहे, तिने नंतर दाखवलं, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्लंडच्या डॉक्टरचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) सेम, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२. दिसायला दोघंही बारीकच.

त्या रात्री मी पहिल्यांदा स्वतःला टेप लावली. आठवड्याला ३०-४० बायकांची मापं घेणारी मी, माझं स्वतःचं पान मापाच्या वहीत १९९८ चं होतं, कंबर २७! मधली १८ वर्षं मी जुना ब्लाऊज कापडावर ठेवून "जरा सैल" कापायचे, दर वेळी जरा सैल. परकराला नाडी, गाऊनला काहीच नाही, कुठला कपडा सांगणार मला? साडेअडतीस भरलं. उंची पाच फूट एक, वजन ७९.

काय केलं ते तुम्हाला हवंय ना, तर त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. चहा मोजला. गिऱ्हाईक आलं की चहा, असे ७ कप, दोन-दोन चमचे साखर, म्हणजे ७० ग्रॅम साखर नुसती चहातून, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. एकदम बंद नाही केली, दोनाचा दीड, दीडाचा एक, अर्ध्या चमच्यावर यायला चार महिने लागले, आता गोड चहा घशाखाली उतरत नाही. मग तेलाच्या ५ लिटरच्या डब्यावर मार्करने तारीख टाकायला लागले. आम्ही चार माणसं, डबा २५ दिवसांत संपायचा, म्हणजे माणशी रोजचं ५० मिली. तो ४२ दिवसांवर आणला, ३० मिली. तेवढ्यात रोजच्या १६०-१६५ कॅलरी कमी होतात आणि कुणाला भाजी बेचव लागली नाही, फक्त फोडणीला डब्यातून थेट ओतायचं बंद केलं, पळीने घ्यायला लागले.

तिसरं, उरलेलं खाणं. आमच्या घरचं डस्टबिन म्हणजे मीच होते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर कढईतली भाजी आणि पातेल्याच्या बुडाचा भात, टाकवत नाही म्हणून पोटात. त्यावर उपाय मनावर ताबा वगैरे नाही, भाताला तांदूळच पाऊण वाटी कमी घ्यायचे. चौथं, उपवास. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा लाडू, एकादशी आणि दुप्पट खाशी, ते बंद केलं, आता त्या दिवशी ताक आणि राजगिऱ्याची भाकरी. चार चपात्यांच्या दोन केल्या पण बरोबर वाटीभर उसळ पाहिजेच पाहिजे, नाहीतर चार वाजता भडंगाच्या डब्यात हात जातो, आणि सांगलीचं भडंग एक मूठ खाऊन थांबलेलं माणूस मी अजून बघितलेलं नाही. चालायला सकाळी आयर्विन पुलापर्यंत जाऊन परत. आणि ओट्याला धरून २० उठाबशा. आधी पायमशीन होती तेव्हा दिवसभर पाय तरी हलायचे, २०१२ ला मोटर बसवली आणि पायच बसले.

वजन महिन्याला अर्धा किलो, कधी पाव, कधी काहीच नाही. ७९ चे ६६ व्हायला अडीच वर्षं लागली, आणि आता सहा-सात वर्षं मी ६५ ते ६७ मध्ये आहे. कंबर साडेतेहतीस. म्हणजे आपल्या लोकांच्या बीएमआयच्या कोष्टकाप्रमाणे, ज्यात २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठ, मी अजून लठ्ठच आहे. असू दे. माझी शुगर नॉर्मल आहे.

आता मुद्द्यावर येते.

२०१८ च्या मे महिन्यात माझ्या भाच्याचं, म्हणजे नणंदेच्या मुलाचं लग्न होतं. वन्संनी जानेवारीत एका स्लिमिंग सेंटरचं ४० हजारांचं पॅकेज घेतलं. सकाळी पावडरचं पाणी, दुपारी काकडी आणि एक फुलका, रात्री सूप, आणि पोटाला कसलातरी गरम पट्टा. साडेतीन महिन्यांत १४ किलो गेले, खोटं कशाला बोलू, गेले. छाती ४२ ची ३८ झाली. त्याच साडेतीन महिन्यांत माझं दीड किलो गेलं होतं आणि वन्सं सगळ्यांसमोर म्हणायच्या, "हिचं बघा, मुंगीच्या पावलाने चाललंय, नातवंडांच्या लग्नापर्यंत होईल." वर हेही, की भात खाणारं माणूस बारीक होऊच शकत नाही. मी भात रोज खाते. तेव्हाही खात होते.

एप्रिलमध्ये त्या बारा ब्लाऊज घेऊन आल्या. अकरा जुने घट्ट करायला, एक लग्नातल्या पैठणीचा नवा. जुने ४२ वरून ३८ वर घ्यायचे म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच कापड आत जातं, काखेत बोळा होतो, ते खरंय. वन्सं म्हणाल्या माया कापून टाक. मी म्हणलं राहू दे वन्सं, सहा महिने थांबू, मी दुमडून हातशिलाईने बसवून देते, टोचणार नाही. तर त्या एकदम चिडल्या. "तुला वाटतंय मी परत जाड होणार. तुला माझं बारीक होणं बघवत नाही." सासूबाई समोर बसलेल्या, दोन गिऱ्हाईकं बसलेली. मी काही बोलले नाही, कात्री घेतली आणि बाराही ब्लाऊजची माया त्यांच्यासमोर कापली, नव्याची सुद्धा, पाव इंच ठेवून इंटरलॉक मारला.

लग्नात दिसल्या मात्र सुंदर. केस पातळ झाले होते, गजऱ्यात झाकलं गेलं.

पुढचं तुम्हाला पाठ असेल, तीनदा झालंय तुमचं. मांडवपरतणं, सत्यनारायण, रुखवताचे लाडू, सुनेचं कौतुक म्हणून घरोघरी जेवणं. पहिल्या आठवड्यातच तीन किलो. ती चरबी नसते, उपाशी असताना अंगातला साखरेचा साठा आणि त्याला धरून असलेलं पाणी निघून जातं ते जेवायला लागल्यावर परत भरतं, पण माणूस तेव्हाच हाय खातो आणि म्हणतो गेलं सगळं, आता खाऊनच घेऊ. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वन्सं पिशवी घेऊन आल्या. माप साडेएकेचाळीस. उसवायला कापडच नाही. त्या म्हणाल्या, "तू मुद्दाम कापलंस." मी म्हणलं तुम्हीच सांगितलंत. पिशवी तिथेच टाकून गेल्या, तेव्हापासून शिलाई दुसरीकडे.

मुद्दाम कापलं का? खरं सांगायचं तर कात्री चालवताना मला बरं वाटत होतं. एवढंच कबूल करते.

पण मुलीने नंतर जे सांगितलं ते मला तेव्हा माहीत असतं तर मी निदान मनात तरी एवढी नावं ठेवली नसती. अमेरिकेत टीव्हीवर वजन कमी करायची स्पर्धा होती, त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, २०१६ ला ते छापून आलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं, आणि त्यांचं शरीर बसल्याजागी जेवढ्या कॅलरी जाळायला पाहिजे त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कमी जाळत होतं. सहा वर्षांनी! म्हणजे शरीर दुष्काळ बघितल्यासारखं कंजूष होतं, आणि आपण म्हणतो हिला तोंडावर ताबा नाही. तुम्ही तीनदा केलंय, म्हणून तुम्हाला सांगते, चौथ्यांदा १२ किलो काढायला जाऊ नका. चार किलो काढा आणि वर्षभर तिथेच थांबून दाखवा. ते जमलं तर पुढचे चार.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं डाएट की ऋजुता दिवेकरांचं विचाराल तर मला दोन्हीत भांडण दिसत नाही. त्या २०१८ च्या सुमारास सांगलीत घरटी भांडण होतं, दोन वेळाच जेवा आणि ५५ मिनिटांत संपवा, की दर दोन तासांनी थोडं खा. माझ्या टेपने दोन्हीकडचे ब्लाऊज सैल झालेले बघितले आणि दोन्हीकडचे परत घट्ट झालेले बघितले. ज्या बाईचं घर, ड्युटी, सासू, सण यात जे बसलं ते टिकलं. माझ्या वहीत पाच वर्षांच्या वर माप टिकवलेल्या नऊ बायका आहेत, दोघी दोन वेळा जेवणाऱ्या, बाकीच्या सगळं खाणाऱ्या, पण नऊच्या नऊ चालतात आणि नऊच्या नऊ दर महिन्याला कशावर तरी स्वतःला मोजतात, एकीकडे तर काटा पण नाही, लग्नातला ब्लाऊज घालून बघते. अमेरिकेत दोन संशोधकांनी १९९४ पासून अशीच वही ठेवलीय, साडेतेरा किलो कमी करून निदान वर्षभर टिकवलेल्या लोकांची, हजारो नावं आहेत त्यात. कमी करायच्या तऱ्हा वेगवेगळ्या, टिकवायच्या मात्र जवळपास सारख्या, रोज तासभर व्यायाम, जास्त करून चालणंच, आणि बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. हे ऐकून मला जरा मोठं वाटलं, नाही कशाला म्हणू.

फक्त चालून बारीक होईन हा भ्रम मात्र ठेवू नका, तासभर चाललात तर २००-२५० कॅलरी, परत येताना एक वडापाव खाल्ला की हिशोब उलटा.

हो, आणि हे आधीच लिहायला पाहिजे होतं, थायरॉईड तपासून घ्या, पाळीचा त्रास असेल तर पीसीओएसचं, म्हणजे बीजाशय आणि हार्मोन्सच्या त्या दुखण्याचं, विचारा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता जेवण कमी करू नका, शुगर एकदम खाली येते. ह्यांना एकदा घाम फुटून बाजारात बसायची वेळ आली होती. हल्ली वजनाची इंजेक्शनं निघालीत, ती वाईट असं मी म्हणणार नाही, काहींना खरंच लागतात, पण त्यातलं सेमाग्लुटाइड नावाचं औषध बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश परत आलेलं अभ्यासात दिसलंय, तेव्हा सुरू करण्याआधी किती वर्षं घ्यायचं आणि महिन्याला किती पैसे ते विचारा.

राहता राहिली ती पिशवी. २०१९ च्या पुरात मशीन पाण्यात होती पण मापाची वही आणि वन्संची पिशवी मी माळ्यावर टाकली होती, म्हणून वाचली. पैठणीच्या कापडाची उरलेली पट्टी माझ्या चिंध्यांत सापडली, ती काखेत कळी म्हणून जोडून तो ब्लाऊज मी ३८ वरून ४२ चा केलाय, काठ जुळवून, जोड दिसत नाही. अस्तर बदललं, हूक नवीन लावले. या वेळी माया दीड इंच सोडलीय. वन्संची सून हे असलं वाचत असते, तिने सांगावं त्यांना, शिलाई नको, फक्त एकदा माप द्यायला या.