दक्षिण आफ्रिकेत फोर स्टार म्हणजे नक्की काय मिळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन जोहान्सबर्ग, क्रूगर राष्ट्रीय उद्यान आणि केप टाउन करायचंय. गेस्ट हाउसही फोर स्टार आणि हॉटेलही फोर स्टार, पण भावात जवळजवळ दुपटीचा फरक. मग हे स्टार खरे, की नुसती पाटी?

मी नोकरीमुळे जोहान्सबर्गला राहतो. घरी येणाऱ्या पाहुण्यांची राहण्याची सोय बऱ्याचदा माझ्याच गळ्यात पडते, म्हणून सविस्तर लिहितो.

पाटी खरी असेल तर स्टारही खरे. इथे स्टार देणारी एक सरकारी व्यवस्था आहे, टुरिझम ग्रेडिंग कौन्सिल ऑफ साउथ आफ्रिका. 2000 साली सुरू झालेली ही कौन्सिल साउथ आफ्रिकन टुरिझम या सरकारी संस्थेचाच एक भाग आहे. मान्यताप्राप्त असेसर प्रत्यक्ष येऊन बघतात: इमारत बाहेरून कशी आहे, खोली, बाथरूम, बसायची जागा, जेवणाची सोय, साफसफाई, सेवा. त्यावरून एक ते पाच स्टार ठरतात. 2019 मध्ये निकष सुधारले तेव्हा पाचाच्या वर ‘प्रीमियम फाइव्ह स्टार’ अशी आणखी एक पायरी आली. स्टार एकदा मिळाले की जन्मभराचे, असंही नाही. मुदत संपली की नूतनीकरण करून घ्यावं लागतं.

पण हे सगळं ऐच्छिक आहे. घ्यायचं तर घ्या, नको तर राहू द्या. शुल्क भरावं लागतं म्हणून अनेक छोटी गेस्ट हाउसं त्या वाटेला जात नाहीत आणि काही अतिशय महागडे सफारी लॉजही जात नाहीत, कारण त्यांचं गिऱ्हाईक स्टार बघून येतच नाही. म्हणजे स्टार नाही याचा अर्थ जागा वाईट, असं अजिबात नाही. न घेतलेले स्टार लावणं मात्र 2014 च्या टुरिझम कायद्यानुसार गुन्हा आहे.

आता तुमच्या भावातल्या फरकाकडे येऊ. स्टार नेहमी प्रकारानुसार दिले जातात. हॉटेल, लॉज, गेस्ट हाउस, बी अँड बी, सेल्फ-केटरिंग, बॅकपॅकर्स, अगदी कॅम्पिंगची जागासुद्धा, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. फोर स्टार गेस्ट हाउस हे गेस्ट हाउस म्हणून फोर स्टार असतं. तिथे रात्री दोनला रिसेप्शनवर कोणी भेटेल किंवा खोलीत जेवण येईल, ही अपेक्षा ठेवू नका. त्याऐवजी चांगली गादी, स्वच्छ चादरी, बागेत बसून नाश्ता आणि विचारपूस करणारे मालक असं मिळण्याची शक्यता जास्त. खोलीत किटली, रूइबोस चहाच्या पुड्या आणि शेजारी बरणीत रस्क असतात. हे रस्क आपल्या टोस्टसारखे चहात बुडवूनच खायचे, नाहीतर बाबांच्या दातांची परीक्षा होईल. हॉटेलात तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते लिफ्ट, चोवीस तासांचा स्टाफ आणि रेस्टॉरंट यांचे. तुम्हाला ते हवंय का, हा खरा प्रश्न आहे.

बुकिंग साइटवर जे पिवळे स्टार दिसतात त्यांचं मात्र वेगळं. ते बऱ्याचदा मालकानेच भरलेले असतात. स्टार खरे आहेत का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर जागेचं नाव टाकून शोधता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका. माझ्या एका मित्राने साइटवरचे चार स्टार बघून खोली घेतली होती. तिथे पोचल्यावर दारावर कसलीच पाटी नाही. विचारलं तर मालक म्हणाले, ‘आमचा दर्जा फोर स्टारचाच आहे.’ खोली वाईट नव्हती, पण थ्री स्टारच्या भावात मिळायला हवी होती.

आई-वडील बरोबर आहेत म्हणून आता थोडं लांबण लावतो, कारण त्यांना ज्या गोष्टींचा त्रास होईल त्यांतल्या बऱ्याच स्टार बघून कळत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे थंडी. आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे इथल्या हिवाळ्याचं तोंड. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण 1,750 मीटरवर आहे. दुपारी छान ऊन असतं आणि रात्री पारा झपाट्याने खाली येतो. इथल्या घरांना युरोपसारखं सेंट्रल हीटिंग नसतं. विटांच्या भिंती, फरशी आणि कोपऱ्यात एक छोटा हीटर. मालकांना सरळ विचारा, ‘अंथरुणावर इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का?’ इथे हा प्रश्न कोणालाच विचित्र वाटत नाही.

दुसरी, बाथरूम. इथे बऱ्याच ठिकाणी शॉवर बाथटबच्या वर लावलेला असतो, म्हणजे अंघोळीसाठी टबची भिंत ओलांडून निसरड्या टबात उभं राहायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही रोजची कसरत. ‘वॉक-इन शॉवर’ असलेली खोली मागा, शक्यतो तळमजल्यावरची. कौन्सिलचं सुगम्यतेचं ग्रेडिंगही आहे, हालचाल, दृष्टी आणि श्रवण यांच्या गरजांसाठी. ते स्टारपासून वेगळं असतं. थ्री स्टार पण सुगम्यतेचा शिक्का असलेली जागा तुम्हाला फाइव्ह स्टारपेक्षा सोयीची पडू शकते.

(टबवरून आठवलं. 2018 च्या दुष्काळात केप टाउनला माणशी दिवसाला 50 लिटर पाण्याची मर्यादा होती. तेव्हा अनेक हॉटेलांनी टबची बुचंच काढून ठेवली होती. भारी भाडं भरणाऱ्यांनाही शॉवरखाली दोन मिनिटांत आटपा अशी विनंती! आता तशी टंचाई नाही, पण पाणी जपून वापरायची सवय शहराला लागली ती लागलीच.)

तिसरी, जेवण. असेसर नाश्त्याचा दर्जा बघतो. तुमच्या आईला चालणारं त्यात काय आहे, हे तो बघत नाही. इथला ठरावीक नाश्ता म्हणजे अंडी, बेकन आणि सॉसेज. बोअरवोर्स नावाच्या सॉसेजमध्ये बीफ असतं, हे आधीच सांगून ठेवतो. घरचे शाकाहारी असतील तर सेल्फ-केटरिंग जागा घ्या. शेगडी, फ्रिज, भांडी मिळतात. जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात डाळ-तांदूळ, मसाले सगळं मिळतं, तिथूनच भरून पुढे निघा.

क्रूगरला तर स्टार बाजूलाच ठेवा. उद्यानाच्या आतले सरकारी कॅम्प सॅनपार्क्स, म्हणजे राष्ट्रीय उद्यानांची सरकारी संस्था, चालवते. गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, ज्यांना इथे रोंडाव्हेल म्हणतात, बाहेर ओटा आणि मांस भाजायची जाळी. तुम्ही त्यावर वांगी भाजा. काही खोल्यांचा फ्रिज ओट्यावरच असतो आणि माकडं तो सराईतपणे उघडतात, त्यामुळे कडी लावायला विसरू नका. खोली साधी, पण तुम्ही आधीच जंगलाच्या आत असता आणि इथे खरी किंमत त्याचीच आहे. मे महिन्यात कॅम्पचं दार संध्याकाळी साडेपाचला बंद होतं, आणि मुक्काम आतच असला तर पहाटे पहिल्या गाड्यांत तुमची गाडी असते. शिवाय गवत वाळायला लागलेलं असतं, प्राणी पाणवठ्यांकडे वळतात, डासही कमी. हा मलेरियाचा भाग आहे, त्यामुळे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

क्रूगरला लागून साबी सँडसारखी खासगी अभयारण्यं आहेत. तिथल्या लॉजचे स्टार खोलीबद्दल आणि जेवणाबद्दल बोलतात. जंगलात गाडी चालवणारा रेंजर आणि पुढे बसलेला ट्रॅकर किती तयारीचे आहेत, हे त्यातून कळत नाही, आणि पैसे तर तुम्ही त्यांच्यासाठीच मोजत असता.

व्हिक्टोरिया फॉल्स जोडणार असाल तर तिथे ही मोजपट्टी चालत नाही. झिंबाब्वेच्या बाजूला स्टार झिंबाब्वे टुरिझम अथॉरिटी देते.

तुमच्या जागी मी असतो तर जोहान्सबर्गला थ्री किंवा फोर स्टारचं गेस्ट हाउस घेतलं असतं, ब्लँकेटची खात्री करून. क्रूगरला स्कुकुझा किंवा लोअर साबी यांपैकी एक सरकारी कॅम्प. लोअर साबीला नदीकाठच्या रेस्टॉरंटमध्ये आई-बाबा चहा घेत बसल्या जागी पाणघोडे बघू शकतात. जास्तीचे पैसे केप टाउनच्या हॉटेलावर घालवा, कारण मेमध्ये तिथे पाऊस सुरू होतो, टेबल माउंटन ढगात गेला की दिवसभर खोलीतच बसावं लागतं आणि तेव्हा चांगली खोली कामी येते. क्रूगरचं बुकिंग सगळ्यात आधी करा. कॅम्पमधल्या बऱ्या खोल्या काही महिने आधीच संपतात.