रिपोर्टात ‘लॉस’ आलंय, म्हणजे वाईटच का?

प्रश्न : आमच्या आण्णांचं (वय ७१) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन बेळगावात झालं. गाठीच्या रिपोर्टात स्टेज २ आणि ‘एमएलएच१, पीएमएस२ लॉस’ आहे, गल्लीत ज्याला त्याला दाखवून झालं, कुणी म्हणतंय आता काय खरं नाही. किती दिवस काढतील? – एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, आधी तो रिपोर्ट गल्लीभर फिरवायचं बंद करा बघू. पेशीत डीएनएची कॉपी निघताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी प्रोटीन असतात, त्यातली ही दोन. गाठीचा पातळ काप घेऊन त्याला रंग देतात, ज्या प्रोटीनचा रंग चढत नाही ते तिथं नाही, तोच लॉस. ही दोघं जोडीनं राहतात म्हणून जोडीनं गेलीत. ऐकायला भयंकर, पण स्टेज २ मध्ये अशा गाठी परत यायचं प्रमाण उलट कमी असतं, आणि नुसत्या ५-एफयू या औषधाच्या केमोचा त्यांना फारसा उपयोग होत नाही, त्यामुळं डॉक्टर केमो नको म्हणाले तर हात झटकले असं समजू नका.

एका प्रोटीनवरून कोण दिवस मोजून देत असेल तर सरळ सोडून द्या. गाठ किती खोल गेलीय, आतड्याजवळचे लिम्फ नोड, म्हणजे लसिका ग्रंथी, किती तपासले (निदान १२ तरी हवेत), ते आधी बघायचं.

आणि हो, गाठीतल्या बीआरएएफ नावाच्या जीनच्या टेस्टचं विचारा. त्यात व्ही६००ई नावाचा बदल निघाला तर आजार बहुतेक आनुवंशिक नसतो, नाही निघाला तर पुढच्या टेस्टा लागतात आणि तुम्हा भावंडांनाही कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी) करावी लागू शकते.