‘का उठले’चा रकाना

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहा उकळत असताना वाचला. कोलोरॅडोतल्या क्रिपल क्रीक या कॅसिनोच्या गावी सुट्टीतल्या दोन रात्री, पोकरच्या टेबलावर मिळून पाच तास, आणि ४१२ डॉलर वर. खाली प्रश्न: मावशी, मला हे येतं का गं, की नुसतं नशीब होतं? आणि आईला सांगू का? दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे. लिहून ठेव. आजच, विमानात बसायच्या आधी, आकडे ताजे आहेत तोवर.

येतं का, हे मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. टेबलावर तासाला तीसेक डाव होतात, म्हणजे तू खेळलीस साधारण दीडशे. हातात जोडी, म्हणजे दोन सारखी पानं, येते सतरा डावांत एकदा, म्हणजे दीडशेत आठ-नऊ वेळा. त्या जोडीचं तिसरं पान फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, पडतं साडेआठ वेळांत एकदा. म्हणजे अख्ख्या दोन रात्रींत तुला तसं पान एकदा लागायला हवं होतं. तुझ्याच मेसेजप्रमाणे ते तीनदा लागलं. एकदा छक्क्या, दोनदा सत्त्या. यात तुझा दोष नाही, पण कौतुकही नाही. दीडशे डावांवरून कुणी स्वतःला खेळाडू म्हणू नये. हजारो डाव लागतात, आणि हजारो डाव कुणाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून वही.

सत्त्यांचा जो डाव तू एवढा रंगवून सांगितलास, तोच घेऊ. समोरच्याने चाळीस लावले, त्याच्यापुढे अजून शंभर उरले होते, आणि तू दोन सत्त्यांवर कॉल केलास, म्हणजे तेवढेच चाळीस भरलेस. तिसरी सत्ती पडली, त्याचे एक्के बुडाले, शंभरही तुझ्याकडे आले. पण हिशेब बघ. साडेआठात एकदा लागणाऱ्या पानासाठी चाळीस मोजायचे, तर लागल्यावर निदान तीनशे मिळायला हवेत. त्याच्याजवळ तेवढे नव्हतेच. तू चुकीचा कॉल केलास आणि पैसे जिंकलीस. हे सगळ्यात वाईट शिक्षण, कारण पुढच्या वेळी सत्त्या आल्या की तुला चूक आठवणार नाही, चिप्सचा ढीग आठवेल. वहीत लिही: सत्त्या, चाळीसचा कॉल, चूक, जिंकले. चारही शब्द लिही. शेवटचा एकटाच लिहिलास तर वही नसलेलीच बरी.

‘तिथले म्हातारे फार सोपे होते’ हे वाक्य वाचून मात्र मला राग आला. अगं, त्या गावात हजार-बाराशे माणसं राहतात. साडेनऊ हजार फुटांवरचं गाव, हिवाळ्यात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. शनिवारी पर्यटक येतात म्हणून त्या म्हाताऱ्यांचं टेबल भरतं. तू फोल्ड करत नाहीस, पानं टाकून देत नाहीस, हे त्यांना तिसऱ्या डावातच कळलं होतं, म्हणून ते पानं चांगली नसताना तुझ्या वाटेला गेले नाहीत. चांगल्या पानाची वाट पाहत बसले. ते पान त्यांना त्या दोन रात्री आलं नाही, एवढंच झालं. तू सुट्टीवर होतीस, ते नव्हते.

मी त्या टेबलावर कशी पोचले ते तुला अर्धवट माहीत आहे. कोलोरॅडोच्या मतदारांनी १९९० मध्ये क्रिपल क्रीक, सेंट्रल सिटी आणि ब्लॅक हॉक या तीन जुन्या खाणगावांना कॅसिनोची परवानगी दिली, १९९१ च्या ऑक्टोबरात ते उघडले. तेव्हा एका पैजेला पाच डॉलरची मर्यादा होती. आम्ही कोलोरॅडो स्प्रिंग्जला आलो तेव्हा पाहुणे आले की पाइक्स पीक दाखवायचा, मग डोंगराच्या मागच्या बाजूने क्रिपल क्रीक, उन्हाळ्यात तिथे रस्त्यावर मोकळी फिरणारी गाढवं, १८९६ च्या आगींनंतर उभारलेल्या विटांच्या इमारती, आणि जेवणानंतर तासभर पत्ते. पाच डॉलरमध्ये कुणाचं काय जातंय. मग २००९ च्या जुलैत मर्यादा शंभरावर गेली. खेळ बदलला आणि मी बदलले नाही. तासभराचे सहा तास झाले, पाहुणे नसतानाही जायला लागले, आणि घरी येऊन सांगायचे, ‘बरोबरीत सुटले.’

मी हिशेबनीस. बावीस वर्षं लोकांची खाती जुळवली, सात सेंटचा फरक सापडेपर्यंत ऑफिसातून उठले नाही. आणि माझं स्वतःचं हे एक खातं सात वर्षं मी लिहिलं नाही. लिहिलं नाही कारण लिहायचं नव्हतं. दुसरं कारण नाही.

२०१६ च्या मार्चमध्ये गाडी विकायची म्हणून डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करत होते. तळाशी एक खाकी पाकीट निघालं, आत कॅसिनोतल्या एटीएमच्या पावत्या. मीच ठेवलेल्या, कधीतरी बेरीज करू म्हणून. जेवणाच्या टेबलावर पसरल्या. त्या कागदावरची अक्षरं उन्हात तापून उडतात. निम्म्याअधिक पावत्या कोऱ्या निघाल्या, नुसत्या पांढऱ्या पट्ट्या. दिव्याखाली धरून पाहिल्या, कडेवर धरून पाहिल्या, नखाने घासून पाहिल्या. एका पावतीवर फक्त ‘२०’ दिसत होतं, त्याच्या आधी काही होतं की नाही कळेना.

२०१३ च्या दिवाळीला मी सांगलीला गेले नाही. फोनवर तुझ्या आजीला म्हटलं, यंदा तिकिटं फार महाग आहेत गं. पुढच्या जानेवारीत ती गेली. त्या कोऱ्या पट्ट्यांमध्ये ते तिकीट होतं का, हे मला कधीच कळणार नाही. किती हरले याचं दुःख माणूस पचवतो. माहीतच नसणं पचत नाही.

आणि हिशेब शिकवला कुणी, तर तिनेच. दिवाळीत आम्ही सगळी भावंडं चिंचोके लावून रमी खेळायचो. डाव मोडला की आजी प्रत्येकाचे चिंचोके मोजायची आणि माजघराच्या दारामागे खडूने आकडे काढायची. रडलास तरी आकडा पुसायचा नाही, हा तिचा कायदा.

तर वही. साधी दोनशे पानी, माझी तिसरी चालू आहे. तारीख, किती वाजता बसले, किती वाजता उठले, किती घेऊन बसले, किती घेऊन उठले, पत्ते वाटणाऱ्या डीलरला टिप, पेट्रोल, जेवण. आणि शेवटचा रकाना: का उठले. त्यात एकच शब्द लिहायचा. वेळ. भूक. झोप. पैसे. राग. पहिल्या वर्षी मी २८४० डॉलर हरले, आणि त्यातले १९०० ज्या सात रात्रींत गेले त्या सातही रात्रींपुढे ‘राग’ लिहिलेलं होतं. माझा खेळ इतका वाईट नव्हता. मी रागावल्यावर तासभर उशिरा उठत होते. हे मला कुठल्याही पोकरच्या पुस्तकाने सांगितलं नसतं. ‘का उठले’ न लिहिता टेबलावरून आलीस तर तू आलीसच नाहीस असं समज.

टिप आणि पेट्रोल कशाला, असं विचारशील. विचारू नकोस, गुणाकार कर. घर, म्हणजे कॅसिनो, प्रत्येक पॉटमधून, मधे जमलेल्या पैशांतून, आपला वाटा काढतं. समज, डावाला सरासरी चार डॉलर. तासाला तीस डाव म्हणजे एकशेवीस, नऊ खुर्च्यांत वाटले तर दर खुर्चीला तासाला तेरा डॉलर. तेवढं जिंकलीस तेव्हा कुठे शून्यावर आलीस, आणि टिप, पेट्रोल त्यावर वेगळं. तुझे ४१२ लिहिताना हॉटेल लिहू नकोस, ते सुट्टीचं. पण डीलरच्या टिपा लिही, आणि त्या पहिल्या रात्री मैत्रिणीकडून उसने घेतलेले साठही लिही. ते मेसेजमध्ये तू ओझरते सांगितलेस, मी वाचले.

तुझी आई विचारेल की मावशी अजून का खेळते. मला ती दरवर्षी विचारते. गेल्या वर्षी मी एकोणीस वेळा गेले आणि सगळं धरून ६१० डॉलर गेले, फेरीला बत्तीस. तुझे काका गेल्यापासून त्या टेबलावर माझी वाट पाहणारे चार लोक आहेत. त्यातला एक निवृत्त खाणकामगार माझ्यासाठी त्याच्या उजवीकडची खुर्ची धरून ठेवतो, कारण मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. बत्तीस डॉलरला मला हे महाग वाटत नाही, आणि कुणाला वाटलं तर त्याने आपल्या खर्चाची वही आणून माझ्या वहीशेजारी ठेवावी. माझ्याकडे वही आहे म्हणून मी हे ताठ मानेने म्हणू शकते. २०१५ मध्ये म्हणाले असते तर खोटं बोलले असते. तेव्हाही मी ताठ मानेनेच बोलत होते, हेच तुला सांगायचंय.

आईला सांग. पण आकडा लिहून झाल्यावर सांग, मेसेजमधलं रंगवलेलं नको. आकडा सांगितलास की ती दोन दिवस अबोला धरेल, मग विचारेल ‘एकूण किती तास बसलीस?’ तेव्हा तुझ्याकडे उत्तर असू दे.

आता शेवटचं. पुढच्या महिन्यात परत यायचं म्हणतेस. या वेळी मैत्रिणी नाहीत, पाइक्स पीक नाही, फक्त टेबल. तेव्हा डॅलसहून विमानाचं तिकीट, जायचं आणि यायचं, पत्त्यांच्या खर्चात धरायचं. वहीच्या पहिल्या ओळीत ते लिही, ४१२ मधून वजा कर आणि मग मला फोन कर. तरीही यावंसं वाटलं तर ये. विमानतळावर मी घ्यायला येते, राहायला माझ्याकडे. शनिवारी दहाला निघू, चारला उठायचं. म्हाताऱ्याला सांगून तुझ्यासाठी एक खुर्ची धरून ठेवते.

तुझी,
मावशी