फ्युएल सेलवर विमान उडेल का?

प्रश्न: सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल (इंधन न जाळता त्यातून थेट वीज बनवणारा सिरॅमिकचा सेल) आला की इलेक्ट्रिक विमानाची बॅटरीची कटकटच संपली, असं वाचलं. कार्यक्षमता ६० टक्क्यांपर्यंत जाते म्हणतात, मग घोडं अडलंय कुठे?

उत्तर: वजनात. ६० टक्क्यांचं वाचलंत ते खरंय, पण विमानवाले आधी विचारतात की किलोमागे किती किलोवॅट देणार, आणि तिथे याची बोलती बंद होते.

तरी लोक याच्या मागे का लागलेत ते बघा. १ किलो जेट इंधनात साधारण १२ युनिट ऊर्जा असते, चांगल्या लिथियम सेलमध्ये किलोला पाव युनिटच्या आसपास, म्हणजे इंधनातली निम्मीच वीज म्हणून हाती लागली तरी बॅटरीच्या वीसेक पट झाली की! शिवाय कार्बन मोनॉक्साइड हे नेहमीच्या पेम (पातळ पॉलिमर पडद्याच्या, हायड्रोजनवर चालणाऱ्या) फ्युएल सेलला विष, याला तेही इंधन म्हणून चालतं, त्यामुळे जेट इंधन रिफॉर्मरमध्ये (इंधनाचे साधे वायू करणाऱ्या यंत्रात) फोडून दिलं तरी भागतं. फक्त त्यातलं गंधक आधी काढायचं, नाहीतर निकेलचा अॅनोड (इंधनाच्या बाजूचा इलेक्ट्रोड) कामातून जातो.

आता आत डोकावू. सेलचा मधला थर यिट्रिया घातलेल्या झिर्कोनिया या सिरॅमिकचा, तो १० मायक्रॉनइतका पातळ करता येतो, केसापेक्षाही बारीक (गाडीच्या एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरमध्येही बहुतेक हाच माल असतो). ६०० ते १००० अंशांना तापला की त्यातून ऑक्सिजनचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सरकतात. पण एक सेल देणार जेमतेम ०.७-०.८ व्होल्ट, मग शेकडो सेल एकावर एक रचा, प्रत्येक दोघांमध्ये स्टीलची प्लेट घाला, वरून इन्सुलेशन गुंडाळा, आणि वजन वाढतं ते इथेच, बिचाऱ्या झिर्कोनियाचा काही दोष नाही. नासाच्या ग्लेन सेंटरने म्हणूनच स्टील काढून टाकून सगळं सिरॅमिकचंच करून बघितलं, दोन्ही बाजूंना सच्छिद्र आधार आणि मध्ये पातळ थर.

सिरॅमिक म्हटलं की घाई चालत नाही, भसकन तापवलं तर तडा जातो. त्यामुळे टेक-ऑफचा झटका बॅटरीने किंवा टर्बाइनने घ्यायचा आणि वर गेल्यावर तासन्‌तास एकसारखी वीज याने द्यायची, ही विभागणी मला जास्त पटते. पुढच्या वेळी किलोवॅट-प्रति-किलोचा भारी आकडा वाचलात तर तो नुसत्या स्टॅकचा (रचलेल्या सेलच्या चवडीचा) आहे का ते बघा, कारण रिफॉर्मर, हीट एक्स्चेंजर आणि विरळ हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर, हेही विमानालाच उचलायचंय.