आईसाठी पडल्यावर कळवणारं घड्याळ घ्यावं का?

तुमची आई ७४ वर्षांची, डोंबिवलीत एकटी. मध्यंतरी बाथरूमच्या दारात पडल्या, मुका मार लागला, हाडं वाचली. तुम्ही न्यू जर्सीत, आणि विचारताय की पडल्यावर कळवणारं घड्याळ घ्यावं का. फिजिओथेरपीत माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

परवडत असेल तर घड्याळ खुशाल घ्या. पण त्याचं काम पडल्यानंतर सुरू होतं. ॲपल वॉचमध्ये ही सोय २०१८ च्या सिरीज ४ पासून आहे. माणूस जोरात आपटल्याचं जाणवलं की ते मनगटावर थरथरतं, 'ठीक आहात का' विचारतं आणि मिनिटभर काहीच हालचाल झाली नाही तर स्वतःच फोन लावायच्या मागे लागतं. भिंतीला धरत धरत हळूच खाली बसलेलं माणूस त्याला कळेलच असं नाही. शिवाय आपल्या आया आंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवतात आणि रात्री ते चार्जिंगला लावतात, म्हणजे नेमकं नको तेव्हाच हात मोकळा. आणि निरोप पोचला तरी दाराला आतून कडी असेल तर शेजारचे आत कसे येणार? त्यामुळे आतून कडी न घालता लॅचवर भागवायचं आणि एक किल्ली शेजारी ठेवायची, हे घड्याळाच्या आधी करा.

दुसरं म्हणजे ते पावलं मोजणं. मुलं परदेशातून आईबाबांची रोजची पावलं ॲपवर बघतात आणि दहा हजार झाली नाहीत की फोन करतात. तो आकडा मुळात १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र खपवताना रूढ झाला. चालणं हृदयाला, साखरेला चांगलंच. पण वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं ते प्रामुख्याने तोल सांभाळण्याच्या आणि उठण्याबसण्यासारख्या रोजच्या हालचालींच्या व्यायामामुळे. नुसत्या चालण्याबद्दल तसं ठामपणे म्हणता आलं नाही. न्यूझीलंडचा ओटागो कार्यक्रमही याच धर्तीचा आहे: घरच्या घरी, आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास, पायांची ताकद आणि तोल, जोडीला चालणं.

तंत्रज्ञानाचा खरा उपयोग हा व्यायाम सुटू न देण्यासाठी आहे. सिडनीत 'स्टँडिंगटॉल' नावाचं ॲप सत्तरी ओलांडलेल्या ५०३ जणांवर दोन वर्षं तपासलं गेलं. टॅब्लेटवर व्यायाम दिसतो, जमेल तसा अवघड होत जातो, आठवड्याला दोन तासांचं लक्ष्य, तुकड्या तुकड्यांनी केलं तरी चालतं. वर्षभराने बघितलं तर पडण्यात ठळक फरक नव्हता! दोन वर्षांनी मात्र पडणं १६ टक्क्यांनी आणि इजा होईल असं पडणं २० टक्क्यांनी कमी भरलं. तेव्हा महिन्याभरात 'काही फरक नाही गं' असं आईने म्हटलं तर दचकू नका.

तुमच्यासाठी मला व्हिडिओ कॉल सगळ्यात बरा वाटतो. इथले सकाळचे साडेसात म्हणजे तुमचे उन्हाळ्यात रात्रीचे दहा, हिवाळ्यात नऊ. फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवायचा, ओटा दोन्ही हातांनी धरायचा आणि टाचा उचलायच्या, सावकाश खाली आणायच्या. मग ओट्याला धरूनच आडवं चालायचं, पुढे एका पावलासमोर दुसरं ठेवून उभं राहायचं. सुरुवातीला दोन्ही हात, नंतर एक हात, मग नुसती बोटं. तुम्हीही तिकडे सोबत करा. नुसतं 'केलंस का' विचारलंत तर उत्तर 'हो' असंच येणार. कॉल नसेल त्या दिवशी कालनिर्णयच्या चौकटीत टिक, आणि रविवारी त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर. ॲपमधल्या बक्षिसाच्या चांदण्यांचं आपल्या आयांना फारसं कौतुक नसतं, असा माझा अनुभव आहे.

पहिल्याच कॉलवर एक चाचणी करून घ्या, मात्र तेव्हा घरात कुणीतरी जवळ उभं हवं. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर आडवे, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभ्या राहतात ते मोजा. त्यांच्या वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमलं तर पायांत ताकद कमी आहे असं धरतात. हात टेकून उठल्या तर शून्य.

हे सगळं सुरू करायचं ते आईंना डॉक्टरांकडे नेऊन आणल्यावरच, कारण त्या नुकत्याच पडल्या आहेत. पाय सरकला की डोळ्यांपुढे अंधारी आली, हे नीट विचारा. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असं दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा. झोपेची गोळी चालू असेल तर तीही दाखवा. वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी कुणी औषध म्हणून सांगतच नाही. बायफोकल चष्मा असेल तर जिना उतरताना खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते, तेही विचारून घ्या.

राहिला खर्चाचा प्रश्न. पलंगापासून बाथरूमपर्यंत माणूस हलल्यावर लागणारे सेन्सरचे दिवे बसवा, ते घड्याळाच्या मानाने फारच स्वस्त पडतात. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी धरायचा स्टीलचा दांडा भिंतीत नीट बोल्ट मारून बसवून घ्या. टॉवेलच्या दांडीवर भागवू नका, अंगाचा भार पडला की ती उखडून हातात येते.