चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तळण कशाला, आंबेडाळ कर

पहिल्यांदाच चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलंय, शुक्रवारी संध्याकाळी २५-३० बायका येणार, त्या दिवशी ऑफिसही आहे आणि तळण न करता काहीतरी झटपट तिखटमिठाचं हवंय, असं विचारलंयस. वर सगळ्यांनी ढोकळा, कटलेट, सँडविच सुचवलंय, ते सगळं चांगलंच लागतं, पण अगं चैत्रात बाजारात कैऱ्यांचे ढीग लागलेले असताना आंबेडाळ सोडून दुसरं काही करायचं म्हणजे मला तरी पटत नाही. गॅस लागतो तो फक्त फोडणीपुरता. बायकाही तीच खायला येतात, खरं सांगते, पन्हं आणि डाळ मिळाली की बाकी बशीत काय आहे ते कोणी बघत नाही.

आधी अंदाज देते. अर्धा किलो हरभऱ्याची डाळ घे. भिजली की साधारण दुप्पट होते, वर कैरी आणि खोबरं पडतं, त्यामुळे द्रोणात दोन-तीन चमचे घालून ३० जणींना आरामात पुरते. मध्यम आकाराच्या दोन-तीन कैऱ्या, अर्धा नारळ खोवून, ८-१० हिरव्या मिरच्या, मीठ, चार-पाच चमचे साखर, भरपूर कोथिंबीर. कैरीचं माप मात्र डोळे झाकून घेऊ नकोस, राजापुरी असेल तर वेगळी, तोतापुरी असेल तर आंबटपणा कमीच, म्हणून आधी एक फोड खाऊन बघ आणि मग किती किसायची ते ठरव. साखर घालायला घाबरू नकोस, डाळ गोड होत नाही, आंबट-तिखट नीट जुळून येतं.

आता खरी गोष्ट, पाणी. आंबेडाळ बिघडते ती पाण्यानेच. गुरुवारी रात्री डाळ तीन-चार पाण्यांनी धुवून भिजत घाल आणि पातेलं फ्रीजमध्ये ठेव, कारण या दिवसांत रात्रभर ओट्यावर राहिली तर सकाळी वर फेस येतो आणि आंबूस वास यायला लागतो. सकाळी उठल्या उठल्या चाळणीत उपसून ठेव आणि तुझा चहा-डबा होईपर्यंत चांगली अर्धा तास निथळू दे. मग मिक्सरचं लहान भांडं अर्धंच भर, मिरच्या आणि मीठ त्यातच टाक, आणि सलग न फिरवता बटण उलटं फिरवून थांबत थांबत वाट. झाकण काढून बघ, बोटात धरली तर रवाळ लागली पाहिजे, मधेमधे अर्धी डाळ दिसली तर उत्तमच. भांडं अडकलं की आपला हात सवयीने पाण्याकडे जातो, तिथेच थांब, चमच्याने खालीवर कर आणि परत फिरव, पाण्याचा एक थेंबही घालू नकोस. एकदा का चटणीसारखी गुळगुळीत झाली की ती आंबेडाळ राहत नाही, मग वर काहीही घाल. वाटलेली डाळ स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये टाक आणि निश्चिंत ऑफिसला जा.

कैरी आणि खोबरं सकाळी मिसळून ठेवायचं नाही. कैरीला मीठ-साखर लागली की पाणी सुटतं, आणि उन्हाळ्यात ओलं खोबरं सगळ्यात आधी खराब होतं. संध्याकाळी घरी आलीस की पहिल्यांदा फोडणी करून बाजूला ठेव, पाऊण वाटी तेल, मोहरी नीट तडतडू दे, मग हिंग चांगला सढळ हाताने (कच्ची डाळ आहे, हिंग हवाच), हळद, चार-पाच सुक्या मिरच्या आणि हवा तर कढीपत्ता. ही फोडणी पूर्ण गार झाल्यावरच डाळीवर घालायची. गरम ओतली तर कैरीचा ताजेपणा जातो. ती गार होईपर्यंत तू कैरी सोलून किस, नारळ खोव, साडी नेस. बायका यायच्या अर्धा तास आधी सगळं हाताने हलकं कालव, चव बघ, संपलं.

कोणाला कच्ची डाळ बाधते, विशेषतः वयस्कर बायका असतात, तर वाटलेली डाळ तेवढी सात-आठ मिनिटं वाफवून घे, गार झाली की हाताने मोकळी कर आणि पुढे सगळं तसंच. गणपती विसर्जनाला करतात ती परतलेली वाटली डाळ वेगळी, तिला तेलही जास्त लागतं आणि कढईपुढे उभं राहावं लागतं, ऑफिसच्या दिवशी ती नको.

पन्ह्याच्या कैऱ्या गुरुवारीच कुकरला लावून गर काढ, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ घालून ठेव, आयत्या वेळी फक्त गार पाणी. ओटीचे हरभरेही त्याच रात्री भिजव. आणि शुक्रवार फारच धावपळीचा वाटत असेल तर रविवार घे ना, चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर कधीही हळदीकुंकू करतात, घरी मंगळवार-शुक्रवारच लागतो असं असेल तर गोष्ट वेगळी.

उरलीच तर रात्री बाहेर ठेवू नकोस, लगेच फ्रीजमध्ये टाक आणि दुसऱ्या दिवशी संपव. थोडं तांदळाचं पीठ घालून तव्यावर चपटे वडे लाव, कैरीमुळे वेगळं काही घालावंच लागत नाही, दह्याबरोबर मुलं आवडीने खातात.