खो मिळायच्या आधी

चिऊ,

परवा रात्री तुला खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची फायनल दाखवली. जानेवारी २०२५, दिल्ली. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, कॅप्टन आपली महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तू पाच मिनिटं बघितलंस आणि विचारलंस, "आई, तुमच्या शाळेकडे बॉल घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तुम्ही हे खेळायचात का?" बाबा हसला. मी भांडी घासायला गेले. भांडी आधीच घासलेली होती, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तर उत्तर: हो. बरंचसं तसंच.

कराडजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एक व्हॉलीबॉल होता. तो कपाटात, आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. खो-खोला काय लागतं? दोन खांब, फक्की आणि मुली. फक्की संपली की चुलीतली राख. आठ जणी एकीआड एक उलट तोंडं करून बसायच्या, नववी पाठलागावर. मैदान खड्यांचं, पाय अनवाणी, सूर मारला की गुडघा सोललाच. माझ्या डाव्या गुडघ्यावरच्या ज्या डागाला तू नकाशा म्हणतेस, तो केंद्राच्या सामन्यातला.

शाळांचे सामने असे वर चढायचे: आधी केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट, मग बीट, मग तालुका, मग जिल्हा. आम्ही तालुक्यापर्यंत गेलो, टेम्पोच्या हौद्यात उभ्यानं, घसा बसेपर्यंत ओरडत. वाटेत गुरुजी गोळेश्वरच्या दिशेला हात करायचे. खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक, आणि जायला पैसे लोकांकडून गोळा केलेले. इथं गुरुजींचा आवाज दर वेळी चढायचा. आम्हाला हेलसिंकी साताऱ्याच्या थोडंसं पुढं असेल असं वाटायचं.

त्या तालुक्याच्या फायनलचं तुला कधी सांगितलं नाही. मागून पाठीवर थाप आणि कानावर 'खो' आल्याशिवाय उठायचं नसतं. कितीही वाटलं तरी. समोरून एक मुलगी हाताच्या अंतरावरून गेली आणि मला राहवलं नाही. उठले. फाऊल. ती निसटली, आम्ही एका गुणानं हरलो. परतीच्या टेम्पोत मला कुणी एक शब्द बोललं नाही. आजीनं बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू तसेच घरी आले. पंचांनी घोटाळा केला असं आजीला सांगितलं. ती अजून त्या पंचांना शिव्या घालते.

तुझ्या शाळेतल्या स्पोर्ट्स डेला लिंबू-चमच्यात शेवटची आलेली मुलगीही स्टिकर लावून हसत होती. मी बाबाला हळूच म्हटलं, यात कसली मजा? नंतर आमच्या वर्गातल्या, कधीच निवड न झालेल्या मुली आठवल्या. फक्कीच्या रेषेबाहेर बसून टाळ्या वाजवायच्या, वर्षानुवर्षं. सव्वीस जानेवारीला बक्षिसं वाटताना त्यांना कुणी पुढं बोलावलं नाही. त्यांच्याकडं तेव्हा मीही बघितलं नव्हतं.

आणि बेबीमावशी. तुला ती गुडघे धरून जिना चढणारी म्हणूनच माहीत आहे. अगं, एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळणं, खेळायला लागली की ती दोन-दोन मिनिटं कुणाच्या हाताला लागायची नाही. सातवीनंतर आबा म्हणाले, आता मोठी झाली, चड्डी घालून पळणं बास. झालं. घरात कुणी आवाज केला नाही, मीसुद्धा नाही. माझं खेळणं अजून दोन वर्षं चालणार होतं ना. आबा वाईट नव्हते, तुला ते किती आवडतात मला ठाऊक आहे. पण हेही तितकंच खरं.

म्हणून आमचं ते सगळं भारी आणि तुमचं मिळमिळीत, असं म्हणायला जीभ रेटत नाही. तुला खो-खो शिकवायचा घाटही घालणार नाही, घाबरू नकोस. तुझं नेटबॉल चालू दे. फक्त एवढंच, की पैसे नव्हते हे खरं असलं तरी त्या टेम्पोत आम्हाला ते कधी आठवलं नाही.

रविवारी फोन लावशील तेव्हा बेबीमावशीला विचार, साखळीत हुलकावणी कशी द्यायची. अर्धा तास सोडणार नाही तुला. आणि पंचांचा विषय निघाला तर गप्प बस.

आई